ऑफ तास

चित्रकलेच्या मास्तराला शाळेत स्वतःचे तास थोडे आणि दुसऱ्यांचे फार. गणिताच्या सरांच्या पुतण्याचा साखरपुडा निघाला, इंग्रजीच्या बाईंना ताप आला, इतिहासाच्या सरांना निवडणुकीच्या कामाचे बोलावणे आले, की शिपाई ती ओळखीची वही काखेत मारून आमच्या खोलीच्या दाराशी येतो आणि न बोलता हसतो. वहीत माझ्या नावापुढे इयत्ता, तुकडी आणि तास लिहिलेला असतो. आपण सही करायची आणि खडू उचलून निघायचे. शाळेच्या भाषेत याला ऑफ तास म्हणतात. तो नेमका कोणाचा 'ऑफ' असतो हे मला वीस वर्षांत कळलेले नाही. मुलांना वाटते आपला, मास्तराला वाटते आपला, आणि दोघांनीही तसे समजले की भिंतीपलीकडच्या वर्गावरचे सर येऊन दोघांचाही समाचार घेतात.

माझ्याबद्दल चार शब्द सांगतो. मी मॅट्रिक आहे. माझ्या वेळी त्या परीक्षेला दहावी म्हणू लागून जमाना झाला होता, पण वडील शेवटपर्यंत 'आमचा मुलगा मॅट्रिक झाला' असेच सांगत, आणि तो शब्द त्यांच्या तोंडी इतका भारदस्त वाटे की मीही तोच धरून ठेवला. पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, मास्तरकीपुरती एक पदविका घेतली आणि या शाळेत चिकटलो. शिवाय मी कादंबऱ्या लिहितो. आतापर्यंत तीन झाल्या. येवल्यासारख्या गावात कादंबरीकार असणे म्हणजे काय, हे आमच्या वाण्याला विचारावे. 'सर, तुमचं पुस्तक वाचतोय बरं का,' असे तो मला गेली सहा वर्षे सांगतो आहे, आणि पुस्तक तेच आहे.

आमच्या घरी माग होता. आजोबांच्या काळी दोन, वडिलांच्या काळी एक आणि माझ्या काळी एकही नाही. मनमाडहून शिर्डीकडे जाणाऱ्यांना येवला दिसते ते पैठणीच्या पाट्यांच्या रूपाने. गाडी थांबते, बायका उतरतात, मोर-पोपट अंगावर टाकून आरशात पाहतात, आणि पुरुष बाहेर चहा पीत घड्याळ पाहतात. पण ती पैठणी जिथे होते ती जागा पाट्यांच्या मागे, गल्लीबोळांत असते. जमिनीत खड्डा, खड्ड्यात विणणाऱ्याचे पाय, समोर ताणलेला रेशमाचा ताणा आणि वर एक दिवा. अंगाला धोटा पुरतो. पदरावर नक्षी आली की मात्र धोटा बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवायची. हिरव्याची कांडी हिरव्याच्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या लालाशी गाठ घेते आणि माघारी वळते. म्हणूनच चांगल्या पैठणीचा पदर उलटा धरला तरी सुलटाच दिसतो. गाठ आहे, पण दिसत नाही. हे सारे मोजून चालते. किती तारा सोडायच्या, किती घ्यायच्या, याचा मेळ तोंडातल्या तोंडात सारखा चालू असतो. लहानपणी मला वाटे, वडील देवाचे काहीतरी म्हणत आहेत.

तर हकीकत अशी. २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या आणि आमच्या गावची मोठी तुकड्यांची शाळा पुन्हा भरू लागली ती २०२१ च्या दिवाळीच्या थोडी आधी. सहावीत घरी गेलेली मुले एकदम आठवीत येऊन बसली. ओठांवर मिसरूड, विजार घोट्याच्या वर, आणि मधली सातवी कुठेतरी मोबाइलच्या काचेत राहून गेलेली. ज्या घरात फोन एक आणि मुले तीन, तिथे तीही नाही. त्या दिवसांत गणिताच्या सरांचा पाय मोडला आणि आठवी 'क'चे तास माझ्या नावावर आले, दोन दिवस नव्हे, चांगले दोन महिने. मुख्याध्यापक म्हणाले, 'नुसतं सांभाळा हो. सर आले की ते भरून काढतील.' सांभाळणे हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे. गुरेही सांभाळतात.

'क' तुकडी म्हणजे काय ते सांगायला नको. त्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसे. बसे म्हणण्यापेक्षा निजे. डोके बाकावर, हात खाली लोंबत. पहिले दोन दिवस मी दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी मला कसला राग आला होता कोण जाणे, बहुधा प्रकाशकाचे पत्र आले होते. मी जवळ गेलो, बाकावर डस्टर आपटले आणि म्हणालो, 'काय रे, रात्रभर पतंग उडवत होतास का?'

येवल्यात हा विनोद फुकट जात नाही. संक्रांतीच्या तीन दिवसांत इथे म्हाताऱ्यासुद्धा गच्चीवर असतात, आणि मांजा गुंडाळायला गावाची स्वतःची आसारी आहे. वर्ग खदखदून हसला. मुलगा उठून उभा राहिला. बोटांच्या पेरांना हिरवा रंग लागलेला मी पाहिला, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही. मी विणकराचा मुलगा, आणि मला तो रंग ओळखू आला नाही!

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. पाचव्या दिवशी हजेरी घेताना त्याच्या नावाशी थांबलो तर पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, 'तो नाही यायचा सर आता. मागावर बसला.'

संध्याकाळी मी त्याचे घर शोधत गेलो. दार उघडेच होते. बाप आणि मुलगा एका मागावर शेजारी शेजारी बसले होते, पदराच्या दोन टोकांना दोघे. मला पाहून मुलाने मान खाली घातली, पण हात थांबले नाहीत. आई आतून म्हणाली, 'या ना सर, बसा,' आणि बसायला जागा नव्हती म्हणून रहाट उचलून कोपऱ्यात ठेवला. मी बसलो आणि पाहत राहिलो. मुलाच्या पुढे मोराची मान होती. ओठ हलत होते. चार सोडल्या, दोन घेतल्या, पाच सोडल्या, एक घेतली. नक्षीचा कागद शेजारी होता, पण कागदावर अर्धाच मोर होता. दुसरा अर्धा तो उलट मोजून मनाने काढीत होता. त्याच दिवशी वर्गात मी सममितीचा अक्ष फळ्यावर काढला होता आणि चाळीस तोंडे माझ्याकडे मक्ख पाहत राहिली होती.

'सर, तुम्ही घरी आले, बरं वाटलं,' बाप म्हणाला. 'पण खरं सांगू का, रागावू नका. याला वाचता येईना धड. आठवीत बसतो नि पाढे विसरला. दोन वर्षं घरी होता, तेवढ्यात हात बसला त्याचा. आता शाळेत पाठवून मी त्याचा हात पण घालवू का?'

मी काहीतरी बोललो. शिक्षण, भविष्य वगैरे. बोलताना माझेच शब्द मला छापील वाटत होते. त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या वडिलांनी माझा हात घालवला होता. त्याच्या बदल्यात मला मिळाले ते मॅट्रिकचे सर्टिफिकेट आणि पुढे महिन्याचा पगार. पण मी ज्याला शिकवले आणि ज्याला ना हात ना पगार असे काही मिळाले नाही, अशी मुले मला बसस्टँडवर रोज भेटतात. तेव्हा मी भविष्याची गोष्ट सोडली. म्हटले, 'माझी चूक झाली. वर्गासमोर मी त्याची टर उडवली. तेवढ्यासाठी तो शाळा सोडत असेल तर मला झोप लागायची नाही. त्याला सकाळी पाठवा. झोप आली तर झोपू द्या बाकावर, मी उठवणार नाही.'

बाप हसला. मुलगा हसला नाही. पण सोमवारी तो आला.

इथून पुढे मी जे केले ते काही फार विचार करून केले, असे नाही. गणित मला येत नव्हते, हे त्याचे खरे कारण. ज्याला विषय येतो तो फळ्याकडे तोंड करून शिकवू शकतो. ज्याला येत नाही त्याला मुलांकडेच तोंड करावे लागते. मी चित्रकलेच्या कपाटातले आलेखाचे कागद काढले आणि म्हटले, चला, अर्धा मोर मी काढतो, उरलेला कोण पुरा करतो? 'क' तुकडीत मागाच्या घरची दहा-बारा मुले निघाली. वर्षभर शेजारी बसून त्यांना एकमेकांची माहिती नव्हती, कारण माग ही शाळेत सांगायची गोष्ट नाही अशी सर्वांची समजूत. मोर पुरे झाले, पोपट झाले, असावली झाली. अक्ष हा शब्द न उच्चारता सगळ्यांना कळला, आणि मग उच्चारला तेव्हा तो त्यांना जुन्या ओळखीचा वाटला.

एकदा व्यस्तचलनाचे उदाहरण घेतले. एक विणकर एक पदर चाळीस दिवसांत विणतो, तर दोन विणकर किती दिवसांत विणतील? पुस्तकाच्या मते वीस. आमचा मागच्या बाकावरचा तोवर मागच्याच बाकावर होता, पण जागा होता. तो बसूनच म्हणाला, 'वीस नाही होत सर.'

'का रे?'

'दोघांची गाठ मध्ये येते ना. एकाची कांडी दुसऱ्याची वाट बघते. आणि पप्पा मधे चहाला उठतात.'

वर्ग हसला. मीही हसलो. पण या हसण्यात आणि पहिल्या हसण्यात फरक होता, आणि तो त्यालाही कळला असावा, कारण कान लाल करून का होईना, तो उभा राहून पुढचे सांगू लागला: पंचवीस तरी लागतील, आणि जोडीदार नवा असेल तर तीस. त्या दिवशी आम्ही पुस्तकातले उत्तर आणि मागावरचे उत्तर अशी दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहिली आणि त्यांच्यात फरक का, यावर घंटा होईपर्यंत भांडलो. माझ्या नोकरीतला तो पहिला तास, की जो संपला म्हणून मुले कुरकुरली.

मला वाटले, जिंकली! पण दोन-चार दिवसांनी खिडकीकडच्या रांगेतला एक खेड्यावरचा मुलगा तोंड वाकडे करून म्हणाला, 'सर, आम्हाला नाही कळत तुमचा मोर. आमच्यात कांदा असतो.' मी चपापलो. दहा-बारा मुलांना पुढे आणताना उरलेल्या तीसांना मी मागच्या बाकावर ढकलले होते. म्हटले, मग कांदा आण. त्याने खरेच दुसऱ्या दिवशी बाजार समितीतल्या विक्रीची हिशेबपट्टी आणली. वजन, भाव, हमाली, तोलाई, वजावट, निव्वळ रक्कम. त्या एका चतकोर कागदावर शेकडेवारीचा अख्खा धडा होता, आणि त्यातली निव्वळ रक्कम पाहून वर्ग जो गप्प झाला तो कोणत्याही धड्याने झाला नसता. पट्टीत बेरजेची एक चूकही सापडली. मुलगा ती पट्टी घडी करून घरी घेऊन गेला तो धावतच. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. मागणी फार मोठी नव्हती. एका चतकोर कागदात मावणारी होती.

मग एकेक येऊ लागले. एक मुलगी आठवड्यातून तीन दिवस गैरहजर असे. आई शेतात मजुरीला गेली की धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नसे. मी म्हटले, त्याला घेऊन ये. ती त्याला कडेवर घेऊन आली आणि तो माझ्या रंगीत खडूंच्या खोक्यात हात घालून तासभर सुखाने बसला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारले, 'सर, ही शाळा आहे की पाळणाघर?'

त्या प्रश्नाचे उत्तर मला तिथल्या तिथे सुचले असते तर बरे झाले असते. ते घरी आल्यावर सुचले, कादंबरीकाराला सुचते तसे, उशिरा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांचे काम मांडले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई लहान वयातच विधवा झालेल्या. काही वर्षे आमच्याच जिल्ह्यातल्या चांदोरीला शिक्षिका होत्या, आणि नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या, हे वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी जास्तच आपलेपणा वाटतो. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या बायकांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. आपण आज सर्रास वापरतो तो अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला. मुली धाकट्या भावंडांमुळे येत नाहीत म्हटल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी केली. गुरे राखणारी मुले उरली, तर शिक्षक गुरांच्या मागे कुरणात गेला आणि त्याची कुरणशाळा झाली. फळा नाही, बाके नाहीत, मोजायला खडे आणि पाने. 'शाळा आहे की पाळणाघर' या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर 'दोन्ही' असे होते. मी मुख्याध्यापकांना दुसऱ्या दिवशी हे सांगितले. ते म्हणाले, 'तुम्ही लोक वाचता फार.' पण धाकट्याला कोणी हाकलले नाही.

असे चालले असता जानेवारीत शाळेची तपासणी आली. मला माझा वर्ग दाखवायचा होता. खोटे कशाला सांगू, मला मीच दाखवायचा होतो. साहेब वर्गात आले तेव्हा मी माझ्या विणकर विद्यार्थ्याला फळ्याशी बोलावले आणि मोर मोजायला सांगितला. त्याने तो सुरेख मोजला. डावी बाजू, उजवी बाजू, एक तार इकडची तिकडे नाही. साहेब खूश झाले. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, 'वा! रक्तातच आहे. विणकराचा मुलगा तो! मोठा कारागीर होणार तू.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझाही हात हातात घेतला.

सुट्टीत तो माझ्या खोलीत आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

'सर, उद्यापासून मला मोराचं नका विचारू.'

'का रे? किती छान सांगितलंस.'

'मला पुस्तकातलं शिकवा. बाकीच्यांना शिकवता ना, ते.' आणि जरा थांबून, 'मोर मला येतो. मोरासाठी मी शाळेत नाही आलो.'

मी पुष्कळ वेळ तिथेच बसून राहिलो. हातातला ब्रश पाण्यात वाळत नाही म्हणून बरे.

आमच्या गावात मुक्तिभूमी आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी इथे, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. दर वर्षी त्या तारखेला लांबलांबून माणसे येतात. याच बाबासाहेबांनी आपल्या शाळेच्या दिवसांविषयी लिहून ठेवले आहे: वर्गात त्यांना इतर मुलांमध्ये बसता येत नसे. कोपऱ्यात वेगळे बसायचे, बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी तो घरी परत न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. त्या अपमानाशी माझ्या वर्गातल्या गोष्टीची बरोबरी मी करीत नाही. तशी ती करणेही पाप आहे. पण त्या दुपारी मला तो गोणपाटाचा तुकडा राहून राहून आठवला. मी माझ्या मुलासाठी बसायला अगदी रेशमी तुकडा आणला होता, मोराचा. तरी तो त्याच्या घरूनच आलेला होता, आणि त्यावर एकट्या त्यालाच बसायचे होते. घरचे ज्ञान वर्गात आणणे ही चांगली गोष्ट आहे, असे मी आजही म्हणेन. पण त्या वाटेने मूल आत आले, की ती वाट पुढे कुठे नेणार, हे मी ठरवलेच नव्हते. त्याला शाळेत आणून मी पुन्हा त्याच्या मागावरच बसवला होता. बाप निदान मजुरी तरी देत होता.

गणिताचे सर तोवर काठी टेकत परत आले होते. त्यांच्याविषयी माझे मत फारसे बरे नव्हते. फळा, सूत्र, उदाहरण, गृहपाठ. या चार खुंट्यांपलीकडे त्यांची गाय कधी गेली नाही, असे मी शिक्षकांच्या खोलीत विनोदाने म्हणतही असे. ते त्यांच्या कानावर गेलेच असणार. तरी मी लाज सोडून त्यांच्याकडे गेलो आणि सारे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला.

'तुम्ही त्याला बोलता केलात,' ते म्हणाले, 'ते मला जमलं नसतं. मला तेवढा धीर नाही. आता बीजगणित तुम्हाला जमणार नाही. त्याला साडेदहाला पाठवा, शाळा भरायच्या आधी. पण सांगून ठेवतो, मी मोर-बीर काढणार नाही.'

त्यांनी खरेच मोर काढला नाही. पाचवीच्या अपूर्णांकांपासून सुरुवात केली. मोडलेला पाय स्टुलावर ठेवून रोज अर्धा तास, रविवार सोडून. पहिल्या आठवड्यात मुलगा एकटा होता, महिन्याने सात झाले. त्यात कांद्याचा मुलगा होता आणि ती भावाला कडेवर आणणारी मुलगीही होती. मी एकदा दाराशी उभा राहून ऐकले. सर रागावत होते. 'चूक! पुन्हा!' मुलगा पुन्हा करीत होता. रागावणाऱ्या माणसापाशी तो इतका निश्चिंत कसा, याचे मला नवल वाटले. मग लक्षात आले की सर त्याच्यावर अगदी तसेच रागावत होते, जसे ते 'अ' तुकडीतल्या डॉक्टरांच्या मुलावर रागावतात.

नववीत तो कसाबसा गेला. दहावीच्या वर्षी त्याच्या आईचे दुखणे निघाले आणि तो पुन्हा महिनाभर मागावर बसला. सरांनी गृहपाठ घरी पाठवला, मी तो नेऊन दिला. मला त्यातले काही समजत नव्हते, पण पोस्टमनला पत्र वाचता यायची गरज नसते. मे २०२४ च्या अखेरीस निकाल लागला. गणितात बावन्न. गणिताचे सर म्हणाले, साठ पडायला हवे होते, आणि पेढा दोन वेळा घेतला.

जूनच्या पहिल्या पावसात तो माझ्या घरी आला. सायबरवर भरायच्या आधी अकरावीच्या फॉर्मचा कच्चा कागद नीट करून घ्यायचा होता. कॉमर्स घेणार म्हणाला. 'हिशेब येतो सर मला.' आमच्या घरातून त्याला चहा आला. तो खाली सतरंजीवर बसू लागला, तेव्हा मी खुर्ची पुढे केली. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळे त्याने आपल्या हाताने भरले. वडिलांचा व्यवसाय या रकान्याशी येऊन थांबला.

'पप्पा म्हणतात, मजुरी लिही. सूत शेठचं, जर शेठची, आपली नुसती मजुरी.'

'ते खरंच आहे,' मी म्हटले. 'तुला काय लिहायचंय?'

त्याने पेनाचे टोपण दातात धरले आणि बराच वेळ कागदाकडे पाहिले. बोटांच्या पेरांना आज लाल रंग होता. मग तो रकान्यावर वाकला, एक अक्षर लिहिले आणि मान वर केली.

'सर, विणकरातला न नळाचा का बाणाचा?'

'बाणाचा,' मी म्हटले.